इंग्रजीचे नियम कुणी केले?

‘रामाने भात खाल्ला’, पण ‘राम पाणी प्यायला’. दोन्ही क्रियापदं सकर्मक, दोन्ही भूतकाळातली, तरी एकीकडे ‘रामाने’ आणि दुसरीकडे नुसता ‘राम’. प्रमाण मराठी बोलणाऱ्या घरातलं चार वर्षांचं मूल हा फरक सहज पाळतं. त्याला तो कुणी शिकवलेला नसतो. घरातल्या मोठ्यांना कारण विचारलं, तर त्यांनाही बहुधा सांगता येत नाही. भाषेचे मूळ नियम असेच असतात. ते आधी बोलणाऱ्यांच्या डोक्यात असतात, पुस्तकात त्यांची नोंद मागाहून होते.

इंग्रजीतही असे नियम पुष्कळ आहेत. इंग्रज माणूस ‘बिग रेड बॉल’ म्हणतो, ‘रेड बिग बॉल’ म्हणत नाही. आधी आकार, मग रंग, असा क्रम आपण पाळतो हे त्याला ठाऊकही नसतं. ‘आय डोन्ट लाइक टी’ म्हणताना मधला ‘डू’ आपोआप येतो. ‘आय लाइक नॉट टी’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघणारच नाही.

शाळेत मात्र आपण आणखी एका जातीचे नियम शिकतो. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन ठेवू नये. ‘आय’ आणि ‘वी’नंतर ‘शाल’, बाकी सगळ्यांना ‘विल’. ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घुसवू नये. हे नियम इंग्रजांच्या मुलांनाही शिकवावे लागतात, कारण ती आपसूक तसं बोलत नाहीत. आणि यातल्या जवळपास प्रत्येक नियमाचा जन्म कुठे, कधी आणि कुणाच्या हातून झाला, हे सांगता येतं. या दोन जाती वेगळ्या ओळखणं म्हणजे इंग्रजी व्याकरणाच्या अभ्यासाचा निम्मा भाग, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे दोन्ही एकाच वहीत, एकाच शाईने लिहून घेतले जातात. मग मुलं दुसऱ्या जातीच्या नियमांना घाबरत राहतात आणि पहिल्या जातीचे कच्चेच राहतात.

आजच्या इंग्रजीत विभक्तीप्रत्यय जवळजवळ नाहीत आणि लिंग ‘ही’, ‘शी’, ‘इट’ एवढ्यापुरतं उरलं आहे. हजार वर्षांपूर्वी असं नव्हतं. पाचव्या शतकापासून अँगल, सॅक्सन आणि ज्यूट टोळ्या उत्तर समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये वसल्या. त्यांच्या बोलींतून घडलेल्या जुन्या इंग्रजीची ठेवण मराठी माणसाला आजच्या इंग्रजीपेक्षा जवळची वाटेल. तिच्यात तीन लिंगं होती. सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी आणि बाई या अर्थाचा ‘वीफ’ हा शब्द चक्क नपुंसकलिंगी. राजा कर्ता असेल तर ‘से क्युनिंग’, कर्म असेल तर ‘थोने क्युनिंग’. ‘राजाने वाघाला मारलं’ म्हणा किंवा ‘वाघाला राजाने मारलं’ म्हणा, मारणारा कोण हे मराठीत प्रत्ययावरून कळतं. जुन्या इंग्रजीतही शब्दांची जागा बदलली तरी अर्थ असाच शाबूत राहायचा.

मग हे प्रत्यय गेले कुठे? एक कारण उच्चारात होतं. या भाषेत जोर शब्दाच्या सुरुवातीच्या भागावर पडायचा, त्यामुळे शेवटचे स्वर हळूहळू पुसट होत एकसारखे झाले. दुसरं कारण माणसांच्या सरमिसळीचं. ७९३ साली स्कँडिनेव्हियातून आलेल्या व्हायकिंग दर्यावर्द्यांनी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या लिंडिस्फार्नच्या मठावर हल्ला केला. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत त्यांच्यातले अनेक जण इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात शेती करून राहू लागले. त्यांची नॉर्स भाषा इंग्रजीची चुलत बहीण. मूळ शब्द बरेचसे सारखे, पण प्रत्यय निराळे. बाजारात आणि शेताच्या बांधावर एकमेकांशी बोलताना सारखं होतं ते टिकलं आणि निराळं होतं ते गळत गेलं, असं अनेक अभ्यासक मानतात. प्रत्ययांची पडझड दक्षिणेच्या आधी उत्तरेत दिसते, हे या मताशी जुळणारं आहे. ‘दे’, ‘देम’, ‘देअर’ ही सर्वनामंसुद्धा नॉर्समधून आली. परक्या भाषेतून नामं सगळेच घेतात, सर्वनामं सहसा कुणी घेत नाही. एवढ्यावरून ही सरमिसळ किती खोलवर झाली असेल याची कल्पना येते.

मग १०६६ साली फ्रान्सच्या उत्तरेकडच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. दरबार, कायदा आणि चर्च फ्रेंच आणि लॅटिनमध्ये चालू लागलं. जुन्या वळणाची इंग्रजी लिहिणारे लेखनिक संपले. सुमारे तीनशे वर्षं इंग्रजी मुख्यतः सामान्य लोकांच्या तोंडी राहिली आणि तिला शिस्त लावणारं कुणी उरलं नाही. १३६२ साली न्यायालयांतले युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा झाला. तो कायदाही फ्रेंचमध्येच लिहिलेला होता. इंग्रजी पुन्हा लिहिण्याच्या मानाच्या जागी आली तेव्हा प्रत्यय आणि व्याकरणिक लिंग बहुतांशी झडून गेलेलं होतं. कर्ता कोण, कर्म कोण, हे सांगण्याचं काम आता वाक्यातल्या जागेकडे आलं. कर्ता क्रियापदाच्या आधी, कर्म नंतर. म्हणून आज ‘डॉग बिट मॅन’ आणि ‘मॅन बिट डॉग’ या दोन पूर्णपणे वेगळ्या घटना आहेत. याला भाषेचा ऱ्हास म्हणणारे लोक होते आणि आहेत. मला ते पटत नाही. प्रत्ययांचं सगळं ओझं शब्दक्रमाने उचललं आणि कुणाचंही बोलणं अडलं नाही.

छपाई आली तेव्हाही एक ठरलेली इंग्रजी नव्हती. १४७६ साली वेस्टमिन्स्टरला पहिला छापखाना काढणाऱ्या विल्यम कॅक्स्टनने एक प्रसंग लिहून ठेवला आहे. काही व्यापारी थेम्सच्या काठी थांबले होते. त्यातल्या एकाने तिथल्या बाईकडे ‘एग्ज’ मागितली. ती म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण त्यालाही फ्रेंच येत नव्हती. शेवटी दुसऱ्या कुणीतरी ‘आयरेन’ हा शब्द वापरला तेव्हा तिला अंडी हवीत हे समजलं. पुस्तक छापताना यातला कुठला शब्द घ्यावा, हा कॅक्स्टनचा प्रश्न होता. छापखान्यांनी अशा प्रश्नांची उत्तरं देत देत लंडनच्या आसपासची इंग्रजी देशभर नेली.

इंग्रजीचं इंग्रजीत लिहिलेलं पहिलं व्याकरण विल्यम बुलोकरचं, १५८६ सालचं. शिकलेल्या माणसाला तेव्हा व्याकरण म्हणजे लॅटिन व्याकरण हेच माहीत होतं, त्यामुळे साचा तोच आला. १६५३ साली जॉन वॉलिस या गणितज्ञाने परदेशी लोकांना इंग्रजी समजावी म्हणून लॅटिनमध्ये एक व्याकरण लिहिलं. अनंताचं आडव्या आठसारखं चिन्ह पहिल्यांदा वापरणारा वॉलिस तो हाच. ‘आय शाल’ आणि ‘यू विल’ची वाटणी ठळकपणे मांडली गेली ती त्याच्या पुस्तकात. पुढे १९२५ साली चार्ल्स फ्राइज या अमेरिकी अभ्यासकाने गेल्या काही शतकांतल्या इंग्रजी नाटकांतली ‘शाल’ आणि ‘विल’ची उदाहरणं मोजून पाहिली. लोकांचं बोलणं त्या वाटणीशी जुळत नव्हतं. आपल्या कित्येक पिढ्यांनी मात्र ती बाराखडीसारखी पाठ केली.

नियमांचा खरा सुकाळ झाला तो अठराव्या शतकात, आणि तो तेव्हाच का झाला हे पाहण्यासारखं आहे. व्यापाराने पैसा आला होता. गावातून लंडनला आलेल्या, नव्याने वर चढलेल्या कुटुंबांना आपल्या बोलण्यावरून आपलं मूळ उघडं पडेल अशी धास्ती होती. फ्रान्समध्ये भाषेसाठी १६३५ पासून अकादमी होती. इंग्लंडमध्येही तशी असावी म्हणून जोनाथन स्विफ्टने १७१२ साली आग्रह धरला, पण १७१४ मध्ये राणी ॲन वारली आणि तो विचार तिथेच थांबला. सरकारी संस्था झाली नाही, म्हणून ते काम खासगी माणसांनी अंगावर घेतलं. त्यात पाद्री होते, शिक्षक होते, वकील होते.

त्यांतला सर्वांत वजनदार माणूस रॉबर्ट लोथ. हिब्रू काव्याचा मोठा पंडित, पुढे लंडनचा बिशप झालेला. त्याचं छोटेखानी व्याकरण १७६२ साली आलं. शेक्सपिअर आणि मिल्टन यांच्यासारख्यांच्या ओळी घेऊन त्यांतल्या चुका त्याने तळटीपांत दाखवल्या. म्हणजे सर्वोत्तम लेखकही चुकतात आणि त्यांच्यावर एक नियम आहे, ही त्याची भूमिका. आदल्याच वर्षी, १७६१ साली, जोझेफ प्रीस्टलीचं व्याकरण आलं होतं. पुढे ऑक्सिजनच्या शोधासाठी प्रसिद्ध झालेला प्रीस्टली हाच. त्याचं म्हणणं उलटं होतं. भाषेत अखेरचा अधिकार रूढीचा, जे चालतं ते पाहावं, नोंदवावं आणि वेगवेगळ्या प्रयोगांतून चांगलं ते काळाच्या ओघात टिकेल असा भरवसा ठेवावा. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाने भाषेकडेही निरीक्षणाच्या नजरेने पाहिलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

हा वाद आपल्याला नवा नाही. पतंजलीच्या महाभाष्यात एक वैयाकरण विचारतो, या रथाचा ‘प्रवेता’, म्हणजे हाकणारा, कोण? सारथी म्हणतो, मी या रथाचा ‘प्राजिता’. वैयाकरण म्हणतो, हा अपशब्द आहे. त्यावर सारथी त्याला ऐकवतो की तुम्हाला नियमाने काय येतं ते कळतं, लोकांना काय इष्ट आहे ते कळत नाही. व्याकरणाच्या एवढ्या थोर ग्रंथात शेवटचा शब्द सारथ्याला मिळाला आहे.

इंग्लंडमध्ये बाजार लोथच्या बाजूने गेला. लिंडली मरे हा अमेरिकी वकील इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ स्थायिक झाला होता. तिथल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मुलींच्या शाळेसाठी त्याने १७९५ साली व्याकरण लिहिलं. त्यातला पुष्कळ मजकूर लोथ आणि इतरांकडून घेतलेला. या पुस्तकाच्या लाखो प्रती अटलांटिकच्या दोन्ही काठांवर खपल्या. लोथने जिथे ‘असं लिहिणं अधिक डौलदार’ म्हटलं होतं, तिथे शाळेत पोचेपर्यंत ‘असंच लिहा’ झालं.

प्रिपोझिशनचीच गोष्ट घ्या. ‘व्हॉट आर यू लुकिंग ॲट?’ हे अगदी सरळ इंग्रजी आहे. १६७२ मध्ये कवी जॉन ड्रायडनने बेन जॉन्सनच्या एका ओळीत शेवटी आलेल्या प्रिपोझिशनला दोष दिला आणि तो दोष आपल्याही लेखनात आढळल्याचं लिहिलं. मग १६८४ मध्ये स्वतःच्या जुन्या निबंधाची नवी आवृत्ती काढताना त्याने अशी वाक्यं शोधून शोधून बदलली. लॅटिनमध्ये प्रिपोझिशन शेवटी येऊच शकत नाही आणि ड्रायडनच्या पिढीला लॅटिन हाच आदर्श होता. लोथने ही लकब बोलण्यात आणि साध्या लेखनात चालते असं मान्य केलं होतं. ते मान्य करताना त्याचं स्वतःचं वाक्यही प्रिपोझिशननेच संपलं आहे.

दुहेरी नकाराचं प्रकरण थोडं वेगळं आहे. चौदाव्या शतकातला चॉसर एकाच वाक्यात चार नकार घालतो आणि अर्थ नकारच राहतो, फक्त जोरकस होतो. स्पॅनिश आणि रशियन भाषांत आजही दोन नकार मिळून नकारच होतो. अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी गणित लावलं की दोन नकार एकमेकांना खोडतात आणि होकार उरतो. पण ‘आय डोन्ट नो नथिंग’ ऐकून याला सगळं माहीत आहे असं कुणी समजत नाही. लंडनच्या कष्टकऱ्यांच्या बोलीत किंवा आफ्रिकी अमेरिकी लोकांच्या इंग्रजीत हा प्रयोग पूर्णपणे नियमबद्ध आहे. तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. शिकलेल्या वर्गाच्या लेखनातून दुहेरी नकार हे पुस्तकी नियम येण्याआधीच बराचसा मागे पडला होता. व्याकरणकारांनी तो मारला नाही, मागाहून मृत्यूचा दाखला तेवढा दिला.

‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द नको, हा नियम तर एकोणिसाव्या शतकातला. त्याआधी कितीतरी शतकं लोक तसं लिहीत होते. १९२६ साली हेन्री फाउलरने, जो स्वतः काटेकोर लेखनाचा कैवारी होता, या भीतीपोटी वाक्य वाकडं करू नका असं बजावलं.

‘दे’ हे सर्वनाम एका माणसासाठी वापरावं का, यावर आज मोठा वाद आहे. ‘समवन लेफ्ट देअर अम्ब्रेला’ असा प्रयोग चौदाव्या शतकापासून सापडतो. न्यूकॅसलची शिक्षिका ॲन फिशर हिने १७४५ च्या सुमारास आपल्या व्याकरणात अशा ठिकाणी ‘ही’ दोघांनाही लागू धरावं असं सुचवलं. चुकीची वाक्यं देऊन ती दुरुस्त करायला लावण्याची पद्धत इंग्रजी व्याकरणात तिनेच आणली असं मानलं जातं. आपल्या प्रश्नपत्रिकेतल्या त्या प्रश्नाचं मूळ इतकं मागे जातं. १८५० साली ब्रिटिश संसदेने कायद्यांच्या भाषेत पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही धराव्यात असं ठरवलं. बोलणारे मात्र ‘दे’ म्हणतच राहिले. अनेकवचन एकाला लावणं आपल्याला अवघड वाटायचं कारण नाही. ‘बाबा आले’ आपण रोज म्हणतो. इंग्रजीतही ‘यू’ मुळात अनेकवचनीच होतं, एकाला ‘दाऊ’ म्हणत. १६६० साली क्वेकर पंथाच्या जॉर्ज फॉक्सने एकट्या माणसाला ‘यू’ म्हणणाऱ्याला मूर्ख ठरवलं होतं. आज ‘यू’ एकवचनी आहे म्हणून कुणी तक्रार करत नाही.

मला सर्वांत आवडणारं उदाहरण मात्र आपल्या शाळेतलंच आहे. पॅसिव्ह व्हॉइसच्या तक्त्यात ‘द हाऊस इज बीइंग बिल्ट’ हा प्रकार आपण निमूटपणे पाठ केला. ही रचना अठराव्या शतकाच्या अखेरीस रुळू लागली. त्याआधी लोक ‘द हाऊस इज बिल्डिंग’ म्हणत आणि घर बांधलं जात आहे असा अर्थ घेत. नवी रचना पसरू लागली तेव्हा जाणकारांनी तिला बेढब आणि अशुद्ध म्हटलं. १८७० साली अमेरिकेत रिचर्ड ग्रँट व्हाइटने तिच्याविरुद्ध अख्खं प्रकरण लिहिलं. आज ‘द हाऊस इज बिल्डिंग’ लिहिलं तर गुण जातात.

मग बरोबर काय, हे ठरवायचं कसं? विसाव्या शतकात यासाठी पुरावा गोळा करण्याची रीत आली. १९५९ साली रँडॉल्फ क्वर्क यांनी इंग्रजीच्या वापराची पाहणी सुरू केली आणि पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ती वाढवली. प्रत्येकी ५००० शब्दांचे २०० नमुने, म्हणजे दहा लाख शब्द, त्यांतला अर्धा भाग बोललेला आणि अर्धा लिहिलेला. बोललेली इंग्रजी ध्वनिमुद्रित करून ती शब्दशः उतरवणं हे त्या काळी प्रचंड कष्टाचं काम होतं. त्याच सुमारास अमेरिकेत ब्राउन विद्यापीठात १९६१ सालच्या छापील मजकुरातून दहा लाख शब्दांचा संग्रह संगणकावर तयार झाला. आज असे संग्रह अब्जावधी शब्दांचे आहेत. आता कुणी ‘असं कुणी म्हणत नाही’ असं छातीठोकपणे सांगितलं, तर ते तपासून बघता येतं.

याचा अर्थ काहीही चालतं असा नाही. प्रत्येक बोलीला तिचे नियम असतात आणि प्रमाण इंग्रजी ही त्यांतलीच एक, जिच्यामागे सत्ता, छापखाने आणि परीक्षा उभ्या राहिल्या. नोकरीच्या अर्जात, कोर्टात, संशोधनाच्या लेखात तीच लागते. ती नीट शिकवली नाही तर नुकसान गरिबाच्या मुलाचं होतं, श्रीमंताच्या मुलाला ती घरात ऐकायला मिळते. माझा आग्रह एवढाच की ती शिकवताना आज खरोखर वापरली जाते ती शिकवावी, लिंडली मरेच्या काळातली नव्हे.

आपल्या मराठी व्याकरणाचाही यात धागा आहे. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं, ते त्या काळच्या इंग्रजी व्याकरणांचा साचा समोर ठेवून. नाम, सर्वनाम, विशेषण अशा शब्दांच्या ज्या आठ जाती आपण शिकतो, त्यांची परंपरा ग्रीक-लॅटिनमधून इंग्रजीमार्गे आपल्याकडे आली. संस्कृतात यास्क या प्राचीन भाषापंडिताने चारच सांगितल्या होत्या: नाम, आख्यात (म्हणजे क्रियापद), उपसर्ग, निपात (म्हणजे अव्ययं).

मराठी माणसाचं इंग्रजी अडतं ते बहुधा पहिल्या जातीच्या, म्हणजे इंग्रजांना न शिकवता येणाऱ्या नियमांपाशी. ‘मला समजत नाहीये’ हे मराठीत स्वाभाविक, म्हणून ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ येतं. भारतीय इंग्रजीत हा प्रयोग इतका पसरला आहे की आपसात त्याने काहीच अडत नाही, पण ब्रिटन-अमेरिकेत तो खटकतो. आणि सर्वांत अवघड म्हणजे ‘अ’ आणि ‘द’, कारण मराठीत त्यांच्या जागी काहीच नाही. विद्यार्थी शिकायला जातो तेव्हा ‘टू स्कूल’, त्याची आई फी भरायला जाते तेव्हा ‘टू द स्कूल’. तुरुंगात शिक्षा भोगणारा ‘इन प्रिझन’, त्याला भेटायला आलेला भाऊ ‘इन द प्रिझन’. जागा तीच, पण तिच्या मूळ कामासाठी तिथे असाल तर ‘द’ गळतो. दवाखान्यात दाखल झालेला ब्रिटनमध्ये ‘इन हॉस्पिटल’ असतो, अमेरिकेत ‘इन द हॉस्पिटल’. यावर कुणी कुणाशी भांडत नाही, वर्तमानपत्रांत पत्रं येत नाहीत, म्हणून शिकवणाऱ्यांचंही तिकडे लक्ष जात नाही. ‘शाल’ आणि ‘विल’च्या तक्त्यावर जाणारे तास इकडे वळवावेत. एखादं साधं इंग्रजी वर्तमानपत्र घ्यावं, एका परिच्छेदातले सगळे ‘अ’ आणि ‘द’ पेन्सिलीने खोडावेत, दुसऱ्या दिवशी ते आपणच भरावेत आणि मूळ मजकुराशी ताडून बघावेत.